सर्व्हरची इव्हॅल्युएशन मुदत वाढवायची कशी: रीआर्म कधी मारायचं, कधी नाही

विंडोज सर्व्हरची इव्हॅल्युएशन आवृत्ती १८० दिवस फुकट चालते आणि ही मुदत रीतसर पुन्हा सुरू करता येते. त्यासाठी कसलंही 'ॲक्टिवेटर' लागत नाही, सोय विंडोजमध्येच आहे. तरी प्रत्येक बॅचमध्ये कुणीतरी विचारतंच, "मॅडम, सहा महिने झाले की सगळी लॅब परत उभी करायची का?" नाही करायची. फक्त रीआर्म, म्हणजे मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू करणारी कमांड, कधी मारायचं ते कळलं पाहिजे, कारण बहुतेक जण ते नको तेव्हा मारून बसतात.

मी बार्शीत नेटवर्किंगचा क्लास चालवते. आमच्या व्हर्च्युअल मशीनना (एका कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने चालवलेले कॉम्प्युटर) किल्ल्यांची नावं आहेत: राजगड हा डोमेन कंट्रोलर (डीसी), म्हणजे सगळ्यांचं लॉगिन सांभाळणारा सर्व्हर, तोरणा फाइल सर्व्हर, आणि पन्हाळ्यावर मुलं वाट्टेल ते प्रयोग करतात. खाली जे लिहिलंय ते २०१९ आणि २०२२ च्या सर्व्हरवर आमच्याकडे नेहमी चालतं. कमांड वर्गात तोंडाने सांगते तशाच लिहिल्यात. 'एसएलएमजीआर' (विंडोजची लायसन्स सांभाळणारी स्क्रिप्ट) म्हणजे ती पाच इंग्रजी अक्षरं, सलग. 'रीआर्म' म्हणजे आर-ई-ए-आर-एम. स्पेस फक्त स्लॅशच्या आधी, नंतर नाही. नव्या मुलांच्या निम्म्या चुका या स्पेसच्याच असतात.

आधी मशीन कुठल्या जातीचं आहे ते बघा

कमांड प्रॉम्प्टवर राइट क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' घ्या. साधा प्रॉम्प्ट उघडून रीआर्म मारलंत तर सी००४एफ०२५ ने संपणारा एरर येतो. त्याचा अर्थ एवढाच की तुम्हाला अधिकार नाहीत. मशीन बिघडलेलं नसतं. मग:

एसएलएमजीआर /डीएलव्ही

दोन-चार सेकंदांनी एक लांबलचक खिडकी येते. ती घाईने बंद करू नका, सगळा निर्णय तिच्यावर अवलंबून आहे. 'डिस्क्रिप्शन'च्या ओळीत शेवटी चॅनेल, म्हणजे लायसन्सचा प्रकार, लिहिलेलं असतं. तिथे 'टाइमबेस्ड ईव्हल' असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. 'रिटेल', 'ओईएम' किंवा 'व्हॉल्यूम केएमएस क्लायंट' असेल तर तुमची गोष्ट वेगळी, ती पुढे येईल.

खाली 'टाइम बेस्ड ॲक्टिवेशन एक्स्पिरेशन' दिसेल, आणि तेही मिनिटांत. ताज्या सर्व्हरवर २,५९,२०० मिनिटं, म्हणजे १८० दिवस. विंडोज १० किंवा ११ च्या एंटरप्राइझ इव्हॅल्युएशनला ९० दिवसच मिळतात, तिथे आकडा १,२९,६०० च्या आसपास असतो. त्याच खिडकीत आणखी खाली 'रिमेनिंग विंडोज रीआर्म काउंट'. हा आकडा वहीत लिहून ठेवा. हीच तुमची शिल्लक, आणि ती कमी होत जाते, वाढत कधीच नाही. पाच दिसत असेल तर पहिले १८० आणि पुढे पाच वेळा १८०, असे मिळून १०८० दिवस. तीन वर्षांना थोडे कमी. कोर्ससाठी, परीक्षेच्या तयारीसाठी, एखादं सॉफ्टवेअर पारखून घ्यायला एवढे दिवस रग्गड झाले.

खिडकीतला मजकूर कॉपी करायचा असेल किंवा डेस्कटॉप नसलेला सर्व्हर कोअर असेल तर तीच गोष्ट अशी चालवा, म्हणजे उत्तर काळ्या पडद्यावरच छापून येतं:

सीस्क्रिप्ट एसएलएमजीआर डॉट व्हीबीएस /डीएलव्ही

त्याआधी सिस्टम३२ फोल्डरमध्ये जा, ही स्क्रिप्ट तिथे राहते. व्हिस्टापासून ती विंडोजबरोबर येते आहे. नुसती संपण्याची तारीख हवी असेल तर /डीएलव्ही ऐवजी /एक्सपीआर पुरे.

पहिले दहा दिवस

पुष्कळ जण १८० दिवसांच्या भरवशावर निवांत राहतात आणि दोन आठवड्यांत सर्व्हर आपोआप बंद पडायला लागतो. कारण इव्हॅल्युएशन सर्व्हर इन्स्टॉल केल्यावर पहिल्या दहा दिवसांत त्याला एकदा इंटरनेटवरून ॲक्टिवेट व्हावं लागतं. लॅबमध्ये आपण नेमकं उलट करतो. मुलांच्या डीएचसीपीचा (मशीनना नेटवर्कचे पत्ते वाटणारी सेवा) क्लासच्या खऱ्या नेटवर्कमध्ये धुडगूस नको म्हणून व्हर्च्युअल मशीन 'इंटर्नल नेटवर्क'वर कोंडून ठेवतो. मग त्या बिचाऱ्याला इंटरनेट कुठून मिळणार?

आम्ही ज्यात व्हर्च्युअल मशीन चालवतो त्या व्हर्च्युअलबॉक्समध्ये यावर उपाय सोपा आहे. मशीनच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्क, मग 'ॲडॅप्टर २' (दुसरं नेटवर्क कार्ड) चालू करा आणि तो 'नॅट'ला, म्हणजे मूळ कॉम्प्युटरच्या इंटरनेटला, जोडा. ॲडॅप्टर १ इंटर्नलच राहू दे, त्याला हात लावू नका. आत सर्व्हरवर ब्राउझरमध्ये एखादं पान उघडतंय का बघा आणि ही कमांड द्या:

एसएलएमजीआर /एटीओ

'प्रॉडक्ट ॲक्टिवेटेड सक्सेसफुली' आलं की ॲडॅप्टर २ काढून टाका. डोमेन कंट्रोलर असेल तर हे विसरू नका. दोन नेटवर्क कार्डं असलेला डीसी आपले दोन्ही पत्ते डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता सांगणारी यादी) नोंदवतो. त्यातला नॅटचा पत्ता क्लायंटच्या हाती लागला की लॉगिन कधी होतं, कधी होत नाही, आणि मुलं तासभर पासवर्ड बदलत बसतात.

मुदत वाढत नाही, नव्याने सुरू होते

रीआर्म शिल्लक दिवसांत १८० मिळवत नाही. ते घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं. एसटीचा पास संपायला दहा दिवस असताना नवा काढला तर ते दहा दिवस गेलेच, तसंच हे. नव्वद दिवस हातात असताना 'मारून ठेवू एकदा' म्हणून रीआर्म केलंत तर नव्वद दिवस वाया आणि वर शिल्लकही एकाने कमी. आमच्याकडे पन्हाळ्यावर एका मुलाने कमांड पाठ व्हावी म्हणून एका दुपारीच सगळी शिल्लक संपवली होती. पाठ मात्र पक्की झाली.

म्हणून रीआर्म शेवटच्या आठवड्यात. अगदी शेवटच्या दिवशी नको, कारण नंतर पुन्हा इंटरनेट लागतं आणि त्याच दिवशी लाइन किंवा वीज जायची. डेस्कटॉपच्या उजव्या कोपऱ्यात खाली 'विंडोज लायसन्स व्हॅलिड फॉर' अमुक दिवस असं दिसतंच. तरी मी प्रत्येक मशीनची तारीख व्हर्च्युअलबॉक्सच्या डिस्क्रिप्शनच्या चौकटीत लिहून ठेवते, म्हणजे मशीन चालू न करताही कळतं. मे महिन्याच्या सुट्टीत लॅब बंद असते, पण मुदत बंद नसते. ती कॅलेंडरच्या तारखेनेच सरते.

आता प्रत्यक्ष कृती. मशीन नीट शटडाउन करा आणि एक स्नॅपशॉट (मशीनच्या आत्ताच्या स्थितीची प्रत, जिच्याकडे परत जाता येतं) घ्या. एकापेक्षा जास्त डोमेन कंट्रोलर असलेल्या लॅबमध्ये हा स्नॅपशॉट फक्त विम्यापुरता समजा. एक डीसी मागे नेला आणि दुसरा पुढेच राहिला तर यूएसएन रोलबॅक होतो, म्हणजे बदलांचे क्रमांक मागे जातात, आणि दोघांची रेप्लिकेशन, म्हणजे एकमेकांकडे बदल पोचवणं, तुटते. मशीन चालू करून ॲडमिनिस्ट्रेटर प्रॉम्प्टवर:

एसएलएमजीआर /रीआर्म

'कमांड कम्प्लीटेड सक्सेसफुली, प्लीज रीस्टार्ट द सिस्टम' असा निरोप येतो. रीस्टार्ट करा. मग वर सांगितल्याप्रमाणे नॅट जोडून /एटीओ द्या, नाहीतर पुन्हा दहा दिवसांचीच मुदत दिसत राहील. शेवटी /डीएलव्ही. मिनिटं पुन्हा भरलेली आणि शिल्लक एकाने उतरलेली दिसली की झालं. सी००४डी३०७ ने संपणारा एरर आला तर शिल्लक संपलीय, आता कितीही वेळा कमांड दिली तरी उपयोग नाही.

मुदत संपून गेलीच असेल तर

इव्हॅल्युएशन संपलेला सर्व्हर दर तासाला स्वतःहून बंद होतो. ज्याला हे माहीत नाही तो रॅम बदलतो, एसएमपीएस बदलतो, यूपीएसवाल्याला बोलावतो. खरं कारण शोधायला इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'सिस्टम' लॉग उघडा आणि १०७४ नंबरची नोंद बघा. तिथे डब्ल्यूएलएमएस या नावाच्या प्रोसेसने बंद केल्याचं आणि लायसन्सची मुदत संपल्याचं स्पष्ट लिहिलेलं असतं.

गेल्या काही वर्षांतलं एक प्रकरण सांगते. तालुक्यातली एक पतसंस्था. सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याने सर्व्हर बसवला, बिल घेतलं आणि आत इव्हॅल्युएशन टाकून गेला. सहा महिने काही नाही. मग ऐन मार्च एंडला, व्याजाचं पोस्टिंग चालू असताना, सर्व्हर तासातासाला झोपायला लागला. मॅनेजर भाऊंचा फोन आला, "मॅडम, व्हायरस शिरलाय बघा." व्हायरस नव्हता. बूट झाल्यापासून मिळालेल्या तासाभरात आधी डेटाबेसचा बॅकअप पेन ड्राइव्हवर घेतला, मग रीआर्म, रीस्टार्ट, /एटीओ. संध्याकाळपर्यंत पोस्टिंग पूर्ण झालं. क्रम मात्र हाच ठेवा: आधी बॅकअप, मग बाकी सगळं.

पण ती फक्त वेळ मारून नेली होती. इव्हॅल्युएशनचा परवाना चाचणीसाठी आणि पारखण्यासाठी असतो, लोकांचे पैसे सांभाळणाऱ्या मशीनवर तो वापरणं परवान्याच्या अटींत बसत नाही. संस्थेने पुढच्या महिन्यात लायसन्स विकत घेतलं. ते चढवलं कसं ते शेवटी सांगते.

जिथे रीआर्मचा उपयोग नाही

घरच्या लॅपटॉपवर 'ॲक्टिवेट विंडोज' असं फिकट अक्षरांत येतंय म्हणून रीआर्म शोधत आला असाल तर थांबा. मुदत वाढवण्याचे यूट्यूबवरचे जुने व्हिडिओ विंडोज ७ च्या काळातले आहेत. तेव्हा ३० दिवसांची सवलत असायची आणि तीन रीआर्म मिळून १२० दिवस व्हायचे. त्या विंडोज ७ चा सपोर्टच १४ जानेवारी २०२० ला संपला. विंडोज १० आणि ११ च्या होम किंवा प्रोमध्ये अशी सवलतीची मुदत नसते. ॲक्टिवेट केलं नाही तरी मशीन चालतं, फक्त वॉलपेपर, रंग वगैरेंच्या सेटिंग्ज बंद राहतात आणि ती अक्षरं डोळ्यांसमोर राहतात.

गंमत म्हणजे अशा मशीनवर /डीएलव्ही मारलं तर रीआर्म काउंट १००१ दिसतो. मुलांचे डोळे चमकतात: १००१ गुणिले ३०! तसं काही नाही. तो आकडा सिसप्रेपसाठी आहे, म्हणजे एक मशीन तयार करून त्याची प्रतिमा अनेक मशीनवर टाकणाऱ्यांसाठी. विंडोज ७ मध्ये सिसप्रेप तीनदाच करता यायचं म्हणून लोक वैतागायचे, ८.१ पासून ती मर्यादा १००१ केली. त्या फिकट अक्षरांशी त्याचा संबंध नाही.

घरच्या मशीनसाठी खरे उपाय वेगळेच आहेत. विंडोज ८ च्या काळापासून ब्रँडेड लॅपटॉपची की (लायसन्सचा कोड) मदरबोर्डवरच्या बायोसमध्येच साठवलेली असते, त्यामुळे आधी होती तीच आवृत्ती पुन्हा टाकली तर विंडोज ती की स्वतःच उचलतं. दुकानदाराने होमच्या जागी प्रो टाकून दिलं, तर ही की जुळत नाही आणि गिऱ्हाइकाला वाटतं लायसन्सच गेलं. मदरबोर्ड बदलायचा असेल तर आधी मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून डिजिटल लायसन्स त्याला जोडून ठेवा. नंतर सेटिंग्जमधल्या ॲक्टिवेशन ट्रबलशूटरमध्ये 'हार्डवेअर बदललं' हा पर्याय निवडता येतो. लॅपटॉपबरोबर आलेलं ओईएम लायसन्स मात्र त्याच मशीनपुरतं असतं, हे धरून चाला.

कॉलेजच्या लॅबवाल्यांचा प्रश्न आणखी वेगळा. तिथे बहुधा केएमएस असतो, म्हणजे कॉलेजचाच एक सर्व्हर बाकीच्या मशीनना १८० दिवसांसाठी ॲक्टिवेट करतो आणि प्रत्येक मशीन दर सात दिवसांनी जाऊन ती मुदत ताजी करून येतं. प्राध्यापकांचा लॅपटॉप सहा महिने घरीच राहिला की तो सुटतो. लॉकडाउनमध्ये हे खूप झालं. त्याला रीआर्म नको, कॉलेजच्या नेटवर्कवर किंवा व्हीपीएनवर येऊन /एटीओ द्यायचं.

केएमएसमध्ये रीआर्म कामाला येतं ते मात्र एका भलत्याच कारणाने. केएमएस सर्व्हर किमान २५ वेगवेगळी क्लायंट मशीन दिसल्याशिवाय क्लायंटना ॲक्टिवेट करत नाही. लॅब असिस्टंटने सिसप्रेप न करता एकाच मशीनची प्रतिमा चाळीस पीसींवर उतरवली तर सगळ्यांचा क्लायंट मशीन आयडी एकच असतो, आणि केएमएसच्या लेखी ते एकच मशीन. मोजणी एकावरच अडकलेली. /डीएलव्हीमध्ये 'सीएमआयडी'ची ओळ दोन शेजारच्या पीसींवर ताडून बघा. सारखी असेल तर प्रत्येक पीसीवर रीआर्म, रीस्टार्ट, /एटीओ. रीआर्मने नवा आयडी तयार होतो आणि मोजणी पुढे सरकते.

दोन शॉर्टकट, दोन्ही नकोत

पहिला, तारीख मागे नेणं. डोमेनमध्ये लॉगिन तपासणारी केरबेरॉस पद्धत घड्याळांत पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक चालवून घेत नाही. राजगडची तारीख महिनाभर मागे नेली की तोरण्यावर कुणालाच लॉगिन होत नाही, सर्टिफिकेटंही बोंब मारतात. मुदत वाचवायला जाऊन अख्खी लॅब बसते.

दुसरा, ते एका क्लिकचे ॲक्टिवेटर. ते पहिल्याच पायरीला 'अँटिव्हायरस बंद करा' सांगतात. सर्व्हरवर ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार देऊन, संरक्षण उतरवून, कुणी लिहिलाय माहीत नाही असा प्रोग्रॅम चालवायचा? आमच्या लॅबमध्ये असली फाइल असलेला पेन ड्राइव्ह दाराबाहेर ठेवावा लागतो. काहीशे रुपयांना मिळणाऱ्या कींचंही तसंच. पुष्कळदा त्या कुठल्यातरी कंपनीच्या व्हॉल्यूम कीच असतात, आज चालतात, उद्या ब्लॉक होतात, आणि विकणाऱ्याचा फोन लागत नाही.

लायसन्स घेतल्यावर

इव्हॅल्युएशन सर्व्हर पुसून नव्याने टाकायची गरज नसते, तो जागच्या जागी पक्का करता येतो. (विंडोज १० आणि ११ च्या इव्हॅल्युएशनला ही सवलत नाही, तिथे नव्याने इन्स्टॉलच करावं लागतं.) एकच मोठी अट आहे: मशीन डोमेन कंट्रोलर असेल तर हे बदल होत नाहीत. आधी दुसरा सर्व्हर उभा करून त्याला डीसी करायचं, भूमिका तिकडे हलवायच्या, जुन्यावरून ॲक्टिव्ह डिरेक्टरी (डोमेनमधल्या लोकांची आणि मशीनची नोंद) काढायची आणि मग आवृत्ती बदलायची. पतसंस्थेचा सर्व्हर डीसी नव्हता, म्हणून एका बैठकीत काम झालं.

आधी कुठल्या आवृत्तीत जाता येतं ते विचारा:

डीआयएसएम /ऑनलाइन /गेट-टार्गेटएडिशन्स

स्टँडर्ड इव्हॅल्युएशनवरून स्टँडर्ड किंवा डेटासेंटर, दोन्हीकडे जाता येतं. डेटासेंटर इव्हॅल्युएशनवरून फक्त डेटासेंटरकडे. म्हणून लायसन्स स्टँडर्डचं घेणार असाल तर सुरुवातीला इव्हॅल्युएशनही स्टँडर्डच टाका. मुलं यादीतलं सगळ्यात मोठं नाव निवडतात आणि पुढे फसतात. मग:

डीआयएसएम /ऑनलाइन /सेट-एडिशन:सर्व्हरस्टँडर्ड /प्रॉडक्टकी:तुमची की /ॲक्सेप्टयूला

की पाच-पाच अक्षरांच्या पाच गटांत, मधले डॅश धरून. 'सर्व्हरस्टँडर्ड' सलग, मध्ये स्पेस नाही. कमांड दिल्यावर टक्केवारी १० च्या आसपास बराच वेळ अडकल्यासारखी दिसते. अडकलेली नसते, काम चालू असतं. शेवटी रीस्टार्टसाठी विचारतं, तिथे 'वाय' दाबा. मशीन वर आलं की /एटीओ आणि /एक्सपीआर देऊन तारखेऐवजी कायमचं ॲक्टिवेशन दिसतंय याची खात्री करा. यूपीएसची बॅटरी जुनी असेल तर हे काम वीज जायच्या वेळेत काढू नका.